भक्तपूरची पंधरा मिनिटं

किसनराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी कचेरीत होतो. इंदापूरच्या आमच्या तहसील कचेरीत फोन साहेबांच्या खोलीत, आणि कुणाचा घरून फोन आला की शिपाई दारातूनच असा पुकारा करतो की स्टॅम्पवाल्यांपर्यंत ऐकू जातं. पलीकडं राहुल होता, किसनरावांचा मुलगा. "काका, पप्पा गेले," एवढंच म्हणाला आणि मग कुणीतरी त्याच्या हातातून फोन घेतला. त्या शेजाऱ्यानं सांगितलं, की सकाळची पाळी संपवून घरी आले, हातपाय धुतले, वाढ म्हणाले आणि ताटावर बसल्या बसल्या आडवे झाले. दवाखान्यात न्यायलासुद्धा अवधी मिळाला नाही. मी फोन ठेवला आणि पहिली गोष्ट काय केली, तर मनगटावरचं घड्याळ बघितलं. दोनला दहा मिनिटं कमी होती. ही माझी जुनी खोड. पण त्या दिवशी घड्याळाकडं बघितलं आणि तसाच खुर्चीत बसलो.

किसनराव माझे साडू. माझ्या बायकोची, शालनची, थोरली बहीण सुमनताई त्यांना दिलेली. साडू हे नातं मोठं गमतीचं असतं. रक्ताचं काही नाही, वाटणीचं काही नाही; सासुरवाडीला दोघांना शेजारी शेजारी बसवून जेवायला वाढतात आणि आत बायका दोघांची तुलना करतात, एवढाच काय तो संबंध. या तुलनेत मी पदवीधर, सरकारी नोकरीतला, इस्त्रीच्या कपड्यातला. किसनराव नववी नापास, बारामतीजवळच्या माळेगावला साखर कारखान्यात पॅनमन. उसाच्या रसाचा पाक ज्या मोठ्या बंद भांड्यात शिजवतात त्याला पॅन म्हणतात, आणि त्या पाकात साखरेचा दाणा कधी धरतोय, कधी भरतोय, हे ओळखणारा माणूस म्हणजे पॅनमन. काचेच्या तुकड्यावर थेंबभर पाक घेऊन ते दिव्यासमोर धरायचे, बोटानं जरासा पसरायचे आणि सांगायचे, "आजून धा मिनिटं." त्यांच्या धा मिनिटांना घड्याळ लागायचं नाही. घड्याळ त्यांनी आयुष्यात बांधलं नाही. "भोंगा हाय की," म्हणायचे. लग्नात सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ त्यांनी धाकट्या भावाला देऊन टाकलं होतं, आणि मला दिलेलं मात्र मी आजतागायत बांधतोय. रोज सकाळी सातच्या बातम्यांच्या आधी रेडिओवर जी टिकटिक होते, तिच्याबरोबर काटा जुळवल्याशिवाय मी अंघोळीला जात नाही. किसनराव मला त्यावरून पुष्कळ चिडवायचे. "वसंतराव, तुमी न्हाय उठला तर दिल्लीचं टायम चुकंल," म्हणायचे.

आज सात आठवडे झाले. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की हंगामातल्या कारखान्याचा गोडसर वास आठवतो, पोरांना खांद्यावर घेऊन मळीच्या वासानं नाक धरायला शिकवणारे ते आठवतात, आमच्या घराच्या बांधकामावर सुट्टी काढून आठवडाभर पाणी मारणारे ते आठवतात. हे सगळं लिहिता आलं असतं. स्मृतिलेख तसेच लिहितात, आणि मीही तसाच एक लिहून ठेवला होता. तो फाडला. कारण किसनराव म्हटलं की माझ्या मनात खरं एकच ठिकाण येतं, आणि ते माळेगावही नाही आणि बारामतीही नाही. ते नेपाळातलं भक्तपूर आहे.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात आम्ही दोन्ही कुटुंबं बुद्धस्थळांच्या सहलीला गेलो होतो. आमच्याच भागातले एक निवृत्त प्राथमिक शिक्षक दरवर्षी गळीत हंगाम संपला की लक्झरी गाडी ठरवून अशी सहल न्यायचे. सारनाथ, बोधगया, कुशीनगर, लुंबिनी आणि शेवटी काठमांडू. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. गळ्यात शिट्टी, हातात हजेरीची वही. आमच्यात आम्ही चार मोठे आणि तीन मुलं: किसनरावांचा राहुल तेरा वर्षांचा, त्यांची मित्रा आठची आणि माझी रोहिणी सातची. परदेश म्हणावा असा परदेश आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. पासपोर्ट लागत नाही म्हणून तो आम्हाला परवडणारा परदेश होता. तरी मुलांनी शाळेत मात्र "आम्ही फॉरेनला चाललोय" असंच सांगितलं होतं.

किसनरावांना त्या सगळ्या सहलीत एका ठिकाणाची ओढ होती. गावी कन्हेरीला त्यांच्या धाकट्या भावाकडं त्यांची आई राहायची. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर घरातले जुने देव उतरले तेव्हा ती ऐन तारुण्यात होती. त्या रिकाम्या जागी भिंतीवर तिनं बुद्धांचा फोटो लावला आणि शेजारी, कुणीतरी नागपूरहून आणलेलं, एका स्तूपाचं कॅलेंडर. पांढरा भला थोरला घुमट, त्यावर चौकोनी मनोरा, आणि त्या मनोऱ्यावर रंगवलेले दोन डोळे. महिने कधीच संपून गेले होते, तरी चित्र तिथंच होतं. तो स्तूप कुठला हे घरात कुणाला माहीत नव्हतं. पुढं काचबिंदूनं आईचे डोळे गेले. मग कधीतरी विहारातल्या एका पाहुण्यानं ते कॅलेंडर बघून सांगितलं, की हा काठमांडूचा बौद्धनाथ. सहल ठरली तेव्हा आईनं किसनरावांना जवळ बसवून मेणबत्ती दिली. मी समोर होतो, म्हणून तिचं बोलणं मला शब्दशः आठवतं. "किसना, माजं डोळं गेलं, पर त्ये डोळं ध्यानात हायेत. त्येंच्याम्होरं माज्या नावानं ही लाव. आन् नीट बघून ये. काय काय दिसतंय ते मला येऊन सांग." किसनराव म्हणाले, "सांगतो आये. समदं सांगतो."

उत्तरेतल्या उन्हानं ती मेणबत्ती दुसऱ्याच दिवशी वाकली. तेव्हापासून रोज सकाळी किसनराव तिला ओल्या फडक्यात गुंडाळायचे आणि गाडीत खिडकीपासून लांब, मांडीवर घेऊन बसायचे. मी म्हणालो, "अहो, तिथं दहा मिळतील." ते म्हणाले, "मिळतील. पर आयनं दिल्याली न्हाय मिळायची."

सरहद्द ओलांडली तेव्हा गुरुजींनी शिट्टी वाजवून सांगितलं, की नेपाळची वेळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं आहे, सगळ्यांनी घड्याळं पुढं करून घ्या. गाडीतल्या सगळ्यांनी केली. मी केलं नाही. रेडिओशी जुळवलेला काटा चार दिवसांसाठी हलवायचा आणि परत हलवायचा, हे माझ्या जिवावर आलं. शिवाय थोडा तोराही होता. शालनला म्हणालो, "आपलं घड्याळ आपल्या देशाचं. पंधरा मिनिटं काय, मनात मिळवीन मी." आणि पहिले दोन दिवस खरोखरच मिळवत होतो.

तिसरा दिवस शेवटचा. सकाळी भक्तपूर, दुपारी बौद्धनाथ, आणि चार वाजता लॉजवरून सामान घेऊन परतीचा रस्ता. तो दिवस सुरू झाला तेव्हा इतका चांगला होता की आजही त्याची सकाळ मला वेगळी काढून ठेवावीशी वाटते. भक्तपूर म्हणजे सगळं शहरच जुनं. विटांचे रस्ते, कोरीव लाकडाच्या खिडक्या, आणि त्या खिडक्यांतून माणसं खरोखरच डोकावत होती, वाळवणं घालत होती. मुलांनी पंचावन्न खिडक्यांचा राजवाडा मोजायला घेतला. राहुलच्या चोपन्न भरल्या, मित्राच्या सत्तावन्न, आणि दोघांचं जुंपलं. पाच मजली देवळाच्या उंच पायऱ्यांवर दोन्ही बाजूंना दगडी पहिलवान, हत्ती, सिंह बसवलेत. रोहिणीला पहिलवानाच्या मिशा बघायच्या होत्या म्हणून किसनरावांनी तिला खांद्यावर घेतलं आणि तशीच वरपर्यंत नेली. खाली उतरून आम्ही मातीच्या वाडग्यातलं घट्ट दही खाल्लं. सुमनताई वाडगा उलटा करून बघत म्हणाल्या, "आगं शाले, पडत न्हाय बघ!" आणि दोघी बहिणी शाळकरी पोरींसारख्या हसत सुटल्या. मी फोटो काढले. रोल संपेल म्हणून जपून काढले, त्यामुळं किसनरावांचा त्या दिवसाचा एकच फोटो आहे आणि त्यात रोहिणीच्या पायांनी त्यांचा अर्धा चेहरा झाकलाय.

मग आम्ही कुंभारवाड्यात आलो. मोठ्या चौकात शेकडो मडकी उन्हात मांडलेली, बाया ती उलटीपालटी करतायत, एका ओसरीवर म्हातारा कुंभार चाक फिरवतोय. किसनराव तिथं थांबले. दोन बोटांत माती चोळून म्हाताऱ्यानं त्यात पाण्याचा हबका मारला, पुन्हा चोळली, आणि किसनराव एकदम म्हणाले, "वसंतराव, ह्यो आमच्यातला हाय. बोटानं वळखतोय." मोडक्या हिंदीत दोघांचं सुरू झालं. म्हाताऱ्यानं मुलांना बोलावून चाकाला हात लावू दिला. मित्राच्या हातून एक वाकडी वाटी झाली आणि तिला आभाळ ठेंगणं झालं. तेवढ्यात किसनरावांनी मला विचारलं, "किती वाजलं हो? गाडी एकला हाय न्हवं?" मी घड्याळ बघितलं. "साडेबारा. निवांत," म्हणालो. मनात पंधरा मिनिटं मिळवायची राहिली. का राहिली? दही खाऊन सुस्ती आली होती म्हणून, मुलांकडं बघत होतो म्हणून... याला काही कारण नाही. राहिली.

पुन्हा त्यांनी विचारलं नाही, कारण मी निवांत म्हणालो होतो. निघताना मित्राचे हात धुवायला ते हापश्यावर गेले, तिथं पाचएक मिनिटं गेली. आम्ही गाडीच्या जागी पोचलो तेव्हा माझ्या घड्याळात एक वाजून पाच मिनिटं झाली होती, आणि गाडी नव्हती. समोरच्या टपरीवाल्यानं हातानं रस्ता दाखवला, गेली म्हणून. गुरुजींचा नियमच होता, कुणासाठी थांबायचं नाही. मी भर रस्त्यात किसनरावांवर ओरडलो. "पाच मिनिटं! पाच मिनिटांसाठी गाडी घालवलीत तुम्ही. माती बघायला इथवर आलो होतो का? कन्हेरीत माती नाही?" असलंच पुष्कळ काही बोललो. मुलं ऐकत होती. मित्रानं आपली ओली वाटी पाठीमागं लपवली. किसनराव एवढंच म्हणाले, "चुकलं माजं. आता कसं जायाचं ते बघा."

तिथून काठमांडूला विजेच्या तारांवर चालणारी बस जाते. मुलांनी अशी बस कधी पाहिली नव्हती. मोठ्यांची तोंडं पडलेली असतानाही ती मागच्या खिडकीतून तारा बघत होती. वाट बघण्यात, गर्दीत, उतरून चुकण्यात बराच वेळ गेला आणि आम्ही लॉजवर आलो तेव्हा माझ्या घड्याळात तीन वाजत होते. आमची मंडळी बौद्धनाथहून अजून परतायची होती. किसनरावांनी फडक्यातली मेणबत्ती काढली आणि माझ्याजवळ येऊन म्हणाले, "वसंतराव, मी एकला टेंपोनं पळत जाऊन येतो. नुसतं बघतो, लावतो आन् येतो. तुमी समदी हितंच ऱ्हावा." परवानगी मागावी तसं विचारलं त्यांनी. वयानं माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. आणि मी म्हणालो, "एकदा रमलात तेवढं पुरे झालं. परत गाडी चुकली तर पाच बायका-पोरं घेऊन मी कुठं हिंडू?" सुमनताईही रागात होत्या. "बसा गप," म्हणाल्या. ते बसले.

साडेतीनच्या सुमाराला गाडी आली. गुरुजींनी हजेरीची वही उघडून सगळ्यांसमोर आम्हाला फैलावर घेतलं. मी म्हणालो, "आमचे साडू कुंभारवाड्यात रमले, गुरुजी. काय करणार!" लोक हसले. किसनरावही थोडे हसले. मग गुरुजी म्हणाले, "अहो पण सव्वा वाजेपर्यंत थांबलो की आम्ही. पंधरा मिनिटं जादा थांबलो तुमच्यासाठी." मी म्हणणार होतो की एक पाचला आम्ही तिथं हजर होतो, आणि तोंड उघडता उघडता माझी नजर लॉजच्या भिंतीवरच्या घड्याळावर गेली... तिथं पावणेचार झाले होते. माझ्या मनगटावर साडेतीन.

तेव्हा बोलायला हवं होतं. वाक्य अगदी सोपं होतं: गुरुजी, चूक माझ्या घड्याळाची. पण माणसं नुकतीच हसली होती, शालन बघत होती, आणि तहसील कचेरीतल्या माणसानं, ज्याच्या घड्याळावर अर्धं इंदापूर चालतं अशी त्याची स्वतःची समजूत होती, ते वाक्य गिळलं. मी काय केलं, तर संडासात जाऊन काटा पंधरा मिनिटं पुढं केला.

आणि गाडी चारला निघालीच नाही. चाकात बिघाड होता. ड्रायव्हर दर वेळी "अर्धा तास" म्हणायचा आणि असे तीन अर्धे तास गेले. किसनराव जाऊन येऊ शकले असते, दोनदा जाऊन येऊ शकले असते. त्याऐवजी ते अंगणात सहलीतल्या एकेका माणसापाशी जाऊन बसत होते. मला वाटलं, वेळ घालवतायत. एका आजीला विचारत होते, "वारा हुता का तितं? घंटा वाजत्यात का?" एका कंपाउंडरला विचारत होते, "डोळ्यांचा रंग कंचा? कबुतरं हायेत म्हणत्यात, ती उडली की आवाज कसा येतो?" मग लॉजच्या पोऱ्याला विचारून बौद्धनाथ कोणत्या दिशेला ते बघून घेतलं आणि अंगणाच्या भिंतीवर, त्या दिशेला तोंड करून, त्यांनी आईची वाकडी मेणबत्ती लावली. वाऱ्यानं ती तीनदा विझली. चौथ्यांदा लागली तेव्हा दोन्ही हातांचा आडोसा करून संपेपर्यंत ते तिथं उभे होते. मी सामान मोजत होतो.

दुसऱ्या दिवशी सरहद्दीवरच्या हॉटेलात चहा घेताना त्यांनी माझ्या मनगटाकडं बघितलं. तिथं भिंतीवर दोन घड्याळं होती, एक इकडचं, एक तिकडचं. माझं तिकडच्याशी जुळत होतं. आदल्या दिवशी भक्तपुरात मी दहीवाल्याच्या भिंतीवरचं घड्याळ मागं आहे की पुढं, यावरून त्याच्याशी हुज्जत घातली होती, माझं आपल्या रेडिओशी जुळवलेलं आहे, काटा हलवलेला नाही म्हणून. ते किसनरावांनी ऐकलं होतं. ते बराच वेळ माझ्या हाताकडं बघत राहिले. मी विचारलं, "काय हो?" "काय न्हाय," म्हणाले, "च्या निवला तुमचा." त्यांना कळलं होतं. मला आज त्याबद्दल तीळमात्र शंका नाही.

परत आल्यावर किसनराव कन्हेरीला गेले तेव्हा मी बरोबर होतो. राहुल आणि मित्राही होती. आईनं पाय धुवायच्या आधीच हाक मारली. "लावली का रं?" किसनराव तिच्यापुढं बसले. "लावली, आये." "इजली न्हाय न्हवं?" "तीनदा इजली. वारा लय हुता. चौथ्यांदा ऱ्हायली, पार सरूस्तवर." मग त्यांनी सगळं सांगितलं. डोळे निळे आहेत, चारी बाजूंना आहेत, कुठूनही गेलं तरी आपल्याकडंच बघतायत असं वाटतं. कबुतरं एकदम उठली की कुणी मोठं लुगडं झटकावं तसा आवाज येतो. लोक प्रार्थनेची पितळी चाकं फिरवत चालतात, त्यांची किणकिण थांबत नाही. ऐकता ऐकता म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. राहुल म्हणाला, "पण पप्पा, आपण तर..." आणि मित्रानं, आठ वर्षांच्या पोरीनं, त्याच्या तोंडावर हात ठेवला. आईनं किसनरावांचा चेहरा चाचपला. "माज्या लेकाच्या डोळ्यांनी बघितलं म्यां," म्हणाली. मी कॉटवर बसून चहा पीत होतो.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "वसंतराव, आय हाय तवर हे कुनाला बोलू नका." ही माझी दुसरी संधी होती. बांधावर आम्ही दोघंच होतो, अडवणारं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "नाही बोलणार," आणि तेही असं म्हणालो की जणू त्यांच्यावर उपकार करतोय. ज्या माणसाला मी कधी थाप मारतानाही ऐकलं नव्हतं, त्याला माझ्यापायी आंधळ्या आईशी खोटं बोलावं लागलं, आणि गुपित राखल्याचं श्रेय मी घेतलं.

दोन वर्षांनी आई गेली. त्यानंतर दर हंगाम संपला की किसनराव मला विचारायचे, "यंदा जायाचं का काठमांडूला? दोघंच. मागं ऱ्हायल्यालं बघून येऊ." एकदा मी निवडणुकीचं काम सांगितलं, एकदा जमाबंदी, एकदा शालनची तब्येत. खरं कारण एवढंच, की दोन दिवसांच्या प्रवासात त्या माणसाशेजारी बसून मला बोलावं लागलं असतं. ते एकटे जाऊ शकत होते. गेले नाहीत. मला वाटतं, ते मलाच एक वाट करून देत होते, आणि मी दर मे महिन्यात ती बंद करत होतो. या वर्षी विचारायला ते राहिले नाहीत.

जलदान विधीच्या दिवशी माणसं पांगल्यावर सुमनताई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांचं रडणं थांबेना. "वसंतराव, मी लय टोचून बोलले हो त्यांना. कायबी झालं की म्हणायची, तुमी कुंभारवाड्यात रमला म्हणून आयसंगं खोटं बोलायची पाळी आली. भांडान कशावरनं का असंना, मी तिथंच यायची. ते कवाच उलटून बोलले न्हाईत." मी म्हणालो, "जाऊ द्या ताई." तेवढंच म्हणालो. त्यांच्या बहिणीला घेऊन मुक्कामाच्या गाडीनं इंदापूरला आलो.

पण जाऊ देता येईना. परवाच्या रविवारी मी एकटाच माळेगावला गेलो. सुमनताई परातीत ज्वारी निवडत होत्या. मी त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. सरहद्दीवर न हलवलेला काटा, कुंभारवाड्यात सांगितलेली साडेबाराची वेळ, लॉजच्या भिंतीवरचं घड्याळ, आणि किसनरावांना हे कळलं होतं हेसुद्धा. मध्ये कुठं थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा उठून आलो असतो. त्यांचा हात परातीत तसाच राहिला होता. त्या म्हणाल्या, "सहा वर्षं मी त्यांना बोलत हुते, वसंतराव. कितीदा तर तुमच्याम्होरं बोलले. आन् तुमी समोर बसून च्या पीत हुता."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मला का मागताय?" आणि परात उचलून आत गेल्या.

निघावं की थांबावं कळेना. दिवेलागण झाली होती. मित्रा आता चौदा वर्षांची आहे. तिनं बुद्धांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली आणि रोजच्यासारखी वंदना म्हणायला बसली. सुमनताई तिच्या शेजारी येऊन बसल्या. मीही मागं बसलो. पंचशील सुरू झालं. पहिलं, दुसरं, तिसरं म्हणून झालं आणि मित्रा थांबली. विसरली असेल म्हणून मी वर बघितलं, तर ती डोळे मिटून शांत बसली होती, एक शील म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा. चौथं शील खोटं न बोलण्याचं. सुमनताई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "ते हितं थांबायचे. आयला सांगून आले, तवापासनं. आपल्याला ते म्हणायचा हक्क न्हाय म्हणायचे. पोरगी त्यांच्या मांडीला मांडी लावून बसायची. विहारात नीट म्हणती, घरात अशीच थांबती."

मग त्यांनी हात जोडले आणि चौथं शील स्वतः म्हटलं. मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून, किसनरावांच्या वाटचं. मित्रानं डोळे उघडून आईकडं बघितलं, आणि पाचवं दोघींनी मिळून म्हटलं. मी मागं हात जोडून बसलो होतो. चौथं माझ्या तोंडून निघालं नाही.